सीई आहे, आयएसआय नाही: हाताने बनवलेली परदेशी लाकडी खेळणी खेळघरासाठी आणता येतील का?

खेळघर_जुळेसोलापूर

जुळे सोलापूर भागात लहान मुलांसाठी खेळघर सुरू करायचं आहे. पालकांनी महिन्याची वर्गणी भरायची आणि खेळणी घरी न्यायची, पंधरा दिवसांनी बदलून घ्यायची. वयोगट एक ते सहा. प्लास्टिक नको, लाकडीच हवीत असं ठरवलं आहे.

यादीतल्या काही वस्तू जर्मनीतल्या एका छोट्या कार्यशाळेच्या आहेत. त्यात एकात एक बसणाऱ्या बारा कमानी, दोरीने ओढायचं बदक, लाकडी खुळखुळा आणि खांबावर चढवायच्या रिंगा आहेत. सगळ्यांवर युरोपची सीई खूण आहे आणि ईएन 71 या तिकडच्या खेळण्यांच्या मानकाप्रमाणे तपासल्याचं पत्र मिळतं. आपल्या भारतीय मानक ब्यूरोची (बीआयएस) आयएसआय खूण मात्र नाही. मुंबईचा एक पुरवठादार म्हणतो, "हाताने बनवलेलं म्हणजे हस्तकला, हस्तकलेला बीआयएसमधून सूट आहे, बिनधास्त घ्या." तेव्हा जाणकारांना विचारते:

ही सूट परदेशी हस्तकलेलाही लागू होते का? मी विकणार नाही, फक्त वापरायला देणार, त्याने काही फरक पडतो का? नातेवाईक येताना बॅगेतून चार-पाच नग आणू शकतात, ते खेळघरात ठेवले तर? आणि हे जमणार नसेल तर देशी पर्याय कोणते, तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ते तपासायचे कसे?

---

बिल_ऑफ_एंट्री

ताई, पुरवठादार अर्धं खरं सांगतोय आणि अडचण उरलेल्या अर्ध्यातच आहे.

खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश फेब्रुवारी 2020 मध्ये निघाला आणि 1 जानेवारी 2021 पासून लागू झाला. 14 वर्षांखालच्या मुलांनी खेळावं म्हणून बनवलेली प्रत्येक वस्तू त्यात येते, मग ती लाकडाची असो, कापडाची असो की प्लास्टिकची. विजेवर न चालणाऱ्या खेळण्यांसाठी मानक आहे आयएस 9873. त्याचा भाग 1 रचना आणि मजबुती पाहतो, भाग 2 आग, भाग 3 रंगातून सुटणारे जड धातू. खूण आयएसआयचीच लागते आणि परवाना बनवणाऱ्याच्या नावाने निघतो. आयातदार स्वतःच्या नावावर परवाना काढून दुसऱ्याच्या कारखान्यातला माल आणू शकत नाही.

सूट आली डिसेंबर 2020 च्या दुरुस्तीत. ती दोघांनाच आहे: विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदलेला कारागीर, आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूचा नोंदणीकृत मालक किंवा अधिकृत वापरकर्ता. तीही त्यांनी स्वतः बनवून विकलेल्या मालापुरती. जर्मनीतला कारागीर कितीही हाताने घडवत असो, तो या दोन्हींत बसत नाही. "हाताने बनवलेलं" एवढ्या एका शब्दावर कायद्यात काहीच सुटत नाही.

आता सीई. ही खूण बनवणारा स्वतः लावतो, आपला माल युरोपच्या नियमांत बसतो अशी त्याची ती जाहीर हमी असते. ती कमी दर्जाची आहे असा याचा अर्थ अजिबात नाही. खरवडून निघणाऱ्या रंगातल्या शिशाची युरोपातली मर्यादा किलोमागे 23 मिलीग्रॅम आहे, आपल्याकडची 90. म्हणजे त्या बाबतीत युरोप जास्त कडक आहे. पण आपल्या कायद्यात सीई ही आयएसआयची बदली म्हणून चालत नाही, आणि बंदरावरचा अधिकारी तेवढंच बघतो.

त्या कार्यशाळेने रीतसर परवाना काढायचा म्हटलं तर बीआयएसची परदेशी उत्पादकांसाठी वेगळी योजना आहे. भारतात अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो, अर्ज आणि परवान्याची फी, तपासणीसाठी तिकडे जाणाऱ्या अधिकाऱ्यांचा खर्च, भारतात नमुन्यांची चाचणी, आणि वर 10,000 डॉलरची बँक हमी. मोठ्या कारखान्याला हे परवडतं. चार-सहा माणसांची कार्यशाळा भारतातल्या दोन-तीन ग्राहकांसाठी एवढं कधीच करणार नाही. म्हणून हाताने बनवलेली परदेशी लाकडी खेळणी आपल्या दुकानांत जवळपास दिसेनाशी झाली आहेत. मला हे खरोखर खटकतं, कारण ज्या मालासाठी नियम कडक झाले तो माल वेगळाच होता. 2019 मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेने बाजारातून नमुने घेऊन तपासले, तेव्हा आयात खेळण्यांपैकी सुमारे 67 टक्के नापास झाली होती. स्वस्त, रंग उडणारा, तुकडे पडणारा तो ढिगाने येणारा माल थांबवणं गरजेचं होतंच. त्यात छोटे चांगले कारागीरही भरडले गेले.

"विकणार नाही, वापरायला देणार" या मुद्द्याने काही सुटणार नाही. बीआयएस कायदा 2016 च्या कलम 17 मध्ये बनवणं, आयात, वाटप आणि विक्रीबरोबर भाड्याने देणं आणि साठवणंही येतं. वर्गणी घेऊन खेळणी घरी देणं हे सरळ त्याच रांगेतलं आहे. कलम 29 प्रमाणे पहिल्या वेळी किमान दोन लाख रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, पुढच्या वेळी किमान पाच लाख, आणि दंड मालाच्या किमतीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो.

बॅगेतून आणलेल्या वस्तूंबद्दल: घरच्या मुलासाठी एक-दोन खेळणी प्रवासी सामानात आणणं हा प्रामाणिक वैयक्तिक वापर, त्याला सहसा कोणी हरकत घेत नाही. पण तीच वस्तू खेळघरात गेली की वापर व्यावसायिक झाला. एकाच कमानीचे पाच संच बॅगेत सापडले तर विमानतळावरच प्रश्न येतील. कुरिअरने मागवलं तर आणखी कटकट. आधार-पॅन मागतात, खेळणी म्हणून लिहिलेलं असलं की बीआयएसचा कागद मागितला जाऊ शकतो, आणि नसेल तर पार्सल परत पाठवा किंवा सोडून द्या, एवढेच रस्ते राहतात. "भेट" लिहून पाठवल्याने ड्युटी वाचते हा समजही आता चुकीचा आहे. भेटीची जुनी सवलत डिसेंबर 2019 मध्ये काढली, राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून.

आणि आकडा. खेळण्यांवरची मूळ ड्युटी 2020 च्या अर्थसंकल्पात 20 वरून 60 टक्के झाली, 2023 मध्ये 70. तो दर धरून हिशोब करा: माल, जहाजभाडं आणि विमा मिळून 10,000 रुपये, त्यावर ड्युटी 7,000, मग 17,000 वर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) 5 टक्के म्हणजे 850. बंदरावरचा खर्च आणि एजंटची फी सोडून 17,850 रुपये झाले. दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून ऑर्डर देण्याआधी कस्टम्सच्या आइसगेट संकेतस्थळावरच्या ड्युटी कॅल्क्युलेटरवर खेळण्यांचं शीर्षक 9503 टाकून त्या दिवशीचा दर बघावा.

---

खेळघर_जुळेसोलापूर

इतकं नीट कुणीच सांगितलं नव्हतं, आभारी आहे. म्हणजे खेळघरासाठी जर्मनीचा माल बाद. एक शंका राहते. तोच पुरवठादार आता म्हणतो, "बिलावर शोभेची वस्तू लिहून देतो." असं चालतं का?

---

बिल_ऑफ_एंट्री

नाही चालत. आदेशातली व्याख्या वस्तू कशासाठी बनवली आहे ते बघते, बिलावर काय लिहिलंय ते नाही. मानकातून काही गोष्टी खरोखर वगळलेल्या आहेत: मुलांसाठी नसलेल्या शोभेच्या लोकबाहुल्या, मोठ्यांनी संग्रहासाठी घ्यायच्या प्रतिकृती, 500 पेक्षा जास्त तुकड्यांची कोडी. खालून चाकं, पुढे दोरी आणि डब्यावर "1+" छापलेलं बदक शोभेचं कसं म्हणणार? वर चुकीचं वर्णन देऊन माल सोडवणं हा कस्टम्सचा वेगळा गुन्हा होतो. त्या पुरवठादाराकडून काहीच घेऊ नका.

आयएसआय असलेलं खेळणं घेताना खूण नुसती बघू नका, वाचा. खुणेच्या वर आयएस 9873 आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. बीआयएस केअर ॲपमध्ये परवाना तपासण्याच्या जागी तो क्रमांक टाकला की उत्पादकाचं नाव, पत्ता, मुदत आणि परवाना कशासाठी आहे ते दिसतं. डब्यावरचं नाव आणि ॲपमधलं नाव जुळलं पाहिजे. मंगळवार पेठेत घाऊक घेताना किंवा गड्ड्याच्या यात्रेत स्टॉलवर घेताना हे तिथल्या तिथे करता येतं, मिनिटभराचं काम आहे. आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष आणि कमाल किंमतही छापलेली लागते. यातलं एकही नसेल तर आयएसआयचं चित्र कुणीही छापू शकतो हे लक्षात ठेवा.

---

रंधा_पटाशी

कागदाचं वर आलंच आहे, मी लाकडाचं सांगतो. कारण आयएसआय असो, मानांकन असो, खेळणं सोलापुरात आल्यावर त्याचं काय होतं हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं.

लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या वर जातो, हवा कोरडी ठणठणीत. तेव्हा लाकडातला ओलावा पाच-सहा टक्क्यांवर उतरतो. पावसाळ्यात तोच पंधराच्या आसपास चढतो. दमट किंवा थंड गावात बनलेलं खेळणं इथे आलं की पहिल्याच उन्हाळ्यात आकसतं. आकसणं सगळीकडे सारखं नसतं: रेषेच्या दिशेने जवळपास नाहीच, आडव्या दिशेने बरंच. म्हणून गोल भोक हळूहळू लांबट होतं, त्यात दाबून बसवलेली खुंटी सैल पडते आणि चाक आसासकट निघून हातात येतं. कारखान्यातून पास होऊन आलेलं खेळणं मे महिन्यात नापास होतं ते असं.

घेताना कुठे बघायचं? चाक आसावर नुसतं ठोकलंय की आसाच्या टोकाला पाचर किंवा आडवी पिन आहे, ते बघा. पाचर असेल तर चांगलं. डोळे, बटणं, शेपटी चिकटवलेली असतील तर तीन वर्षांखालच्या मुलासाठी घेऊच नका. रंगवलेला डोळा चालतो. चाकाच्या मधोमध गाभा आला असेल, म्हणजे फांदीचा मधला ठिपका दिसत असेल, तर तिथून किरणासारखी चीर पडणारच. कडांवरून जुना नायलॉनचा पायमोजा फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे कूस आहे, ती बोटात जाते. बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर किडा आत आहे, ते खेळणं बाकीच्यांत ठेवायचंच नाही.

लहान तुकड्यांची चाचणी घरी करता येते. मानकातलं नळकांडं आतून 31.7 मिलिमीटर व्यासाचं असतं, तळ तिरका, एका बाजूला खोली 25.4 आणि दुसऱ्या बाजूला 57.1 मिलिमीटर. जाड कार्डाची पट्टी घ्या, 10 सेंटीमीटरवर खूण करा, त्यापुढे एक सेंटीमीटर चिकटवायला ठेवा आणि आतला घेर बरोबर 10 सेंटीमीटर येईल अशी गुंडाळा. व्यास आपोआप जवळजवळ तेवढाच येतो. खालची कड तिरकी कापून बंद करा. खेळणं किंवा त्याचा सुटा भाग न दाबता, कसाही वळवून त्यात पूर्ण मावला तर तो तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायचा नाही. गोळ्या आणि चेंडूसाठी नियम आणखी कडक: 44.5 मिलिमीटरच्या वर्तुळातून आरपार जाता कामा नये. त्यासाठी 14 सेंटीमीटर घेराची दुसरी कडी बनवा. रिंगांच्या खांबावरचा वरचा गोळा बहुतेक वेळा यातून आरपार जातो, म्हणजे नापास होतो.

मानकात ही चाचणी खेळणं जसं आलं तसं करतात, आणि आपटून, पिळून, ओढून झाल्यावर परत करतात. दीड वर्षाखालच्या मुलांच्या खेळण्याला जवळपास 1.38 मीटरवरून दहा वेळा पाडतात. तुम्हीही खांद्याच्या उंचीवरून फरशीवर पाडून बघा, मग प्रत्येक चाक आणि खुंटी बोटांच्या चिमटीत धरून पिळा आणि ओढा. जे निघालं ते नळकांड्यात टाका. नवीन वस्तू मुद्दाम आपटायला जीवावर येतं, पण मुलाच्या हातात पहिल्या दिवशी तेच होणार आहे.

ओढायच्या खेळण्याची दोरी: दीड वर्षाखालच्या मुलाला 22 सेंटीमीटरपेक्षा आखूड. त्याहून मोठ्या मुलाला लांब चालते, पण टोकाला असा मणी किंवा गाठ नको की जी अडकून फास तयार होईल.

---

लाखेचा_रंग

देशी पर्यायाचं मी सांगतो. सोलापूरकरांना सगळ्यात सोयीचं चन्नपट्टण. उद्यान एक्स्प्रेसने बंगळूर गाठलं की तिथून साधारण 60 किलोमीटर, म्हैसूरच्या वाटेवर. या खेळण्यांना भौगोलिक मानांकन आहे. आंध्रातली एटिकोप्पाका आणि कोंडापल्ली, तेलंगणातलं निर्मल, कर्नाटकातलं किन्हाळ यांनाही आहे. पण सगळी सारखी धरू नका, खेळघरासाठी हा फरक महत्त्वाचा.

चन्नपट्टण आणि एटिकोप्पाका ही लेथवरची कामं. मऊ पांढरं लाकूड फिरत असताना त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते, मग केवड्याच्या जातीच्या पानाने घासून चकाकी आणतात. वेगळा रंग लावायचाच नसतो, त्यामुळे पोपडे निघत नाहीत. सगळे आकार गोल, कोपरे नाहीत. लहान मुलांना हेच द्या. कोंडापल्ली, निर्मल, किन्हाळची कामं बहुतेक कोरलेली, जोडलेली आणि वरून रंगवलेली असतात, हात-पाय वेगळे चिकटवलेले. देखणी असतात, पण ती कपाटात ठेवायची. एक-दोन वर्षांचं मूल ती तोंडात घालणार.

लाखेतला रंग कोणता ते मात्र विचारा. हळद, शेंदरी, नीळ असे वनस्पतीचे रंग वापरणारे कारागीर आहेत, तसे रासायनिक रंग मिसळणारेही आहेत. झगझगीत गुलाबी किंवा फ्लुरोसंट हिरवा दिसला तर तो झाडाचा नाही. ओल्या पांढऱ्या सुती फडक्याने दोन मिनिटं जोरात घासा, फडक्यावर रंग उतरला तर परत करा. यातून रंग पक्का आहे की नाही एवढंच कळतं, शिसं नाही कळत. त्यासाठी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेत आयएस 9873 भाग 3 ची चाचणी करून घेतलेला अहवाल कारागिराकडे किंवा संस्थेकडे मागा. मोठ्या प्रमाणात काम करणाऱ्यांकडे तो असतो. अहवालावर नमुन्याचा रंग लिहिलेला असतो. लाल आणि पिवळ्याचा अहवाल आहे का ते खास बघा, कारण शिशाचे आणि क्रोमियमचे जुने रंग याच छटांत असतात.

आणखी एक, खेळघरासाठी फार महत्त्वाचं: लाख स्पिरिटमध्ये विरघळते. परत आलेलं खेळणं सॅनिटायझरने पुसलं की पृष्ठभाग चिकट होतो, रंग हाताला लागतो. कोमट पाण्यात दोन थेंब साबण, फडकं घट्ट पिळून पुसायचं, लगेच कोरडं करायचं, सावलीत ठेवायचं. पाण्यात बुडवायचं नाही. उन्हाळ्यात बंद गाडीत किंवा गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीतही नको, लाख मऊ होऊन खेळणी एकमेकांना चिकटतात.

---

बिल_ऑफ_एंट्री

वरच्यात थोडी भर. सूट कारागिराने बनवून विकलेल्या मालाला आहे, म्हणून बिल शक्यतो थेट कारागिराचं किंवा अधिकृत वापरकर्त्याचं घ्या. त्यावर हस्तकला ओळखपत्राचा किंवा मानांकनाच्या अधिकृत वापरकर्त्याचा क्रमांक लिहून घ्या. "चन्नपट्टण टाइप" असं बिल चालणार नाही. मानांकन गावाच्या नावावर असतं, पण ते वापरायचा हक्क नोंदलेल्यालाच. खेळघरात एक फाइल ठेवा: प्रत्येक खेळण्याचा फोटो, बिल, क्रमांक, अहवाल असेल तर त्याची प्रत. कुणी विचारायला आलं तर बोलण्यापेक्षा ती फाइल पुढे करायची.

आणि सूट आहे म्हणजे तपासून झालंय असं नाही. सूट खुणेपासून मिळाली आहे. म्हणून रंधा_पटाशी यांचं नळकांडं या मालावर जास्त कसोशीने वापरा.

---

खेळघर_जुळेसोलापूर

दोघा-तिघांचं मिळून यादीच बदलली. कमानी इथल्याच सुताराकडून करून घेता येतील का? आणि घरातली जुनी लाकडी खेळणी, पाळण्यावरची पोपट-चिमण्यांची, रंगवून वापरली तर?

---

रंधा_पटाशी

सुताराकडून करून घेतलं तर बनवणारा म्हणून त्याला परवाना किंवा हस्तकलेची नोंदणी लागेल, हे आधी त्याच्याशी बोला. ओळखपत्र काढलेला सुतार मिळाला तर काम सोपं. लाकूड सागाचं नको, तेलकट असतं आणि काहींच्या त्वचेला त्याची ॲलर्जी येते. शिवण किंवा हळदू घ्या, कोरायला चांगलं. प्लायवूड आणि एमडीएफ नको, गोंदातलं फॉर्मल्डिहाइड सुटत राहतं आणि कोपरे फुटले की कूस निघते. कमानी एकाच जाड फळीतून कापतात तेव्हा रेषा कमानीच्या लांबीला समांतर ठेवायला सांगा. आडवी गेली तर पाय पहिल्याच आपटण्यात तुटतो. कापल्यावर दोन आठवडे सावलीत राहू द्या, मग घासा: 120, 180, 240 चा पॉलिश पेपर. ओल्या फडक्याने पुसून वाळवा, उठलेली लव परत 240 ने काढा.

वरून जवसाचं कच्चं तेल. "बॉइल्ड" लिहिलेलं हार्डवेअरचं तेल घेऊ नका, लवकर वाळावं म्हणून त्यात धातूचे क्षार घालतात. कच्चं तेल अगदी पातळ हाताने लावा, वीस मिनिटांनी सगळं पुसून काढा, तीन-चार दिवस वाळू द्या, मग दुसरा हात. शेवटी हवं तर मधमाशीचं मेण. अक्रोडाचं तेल टाळा, सुक्या मेव्याची ॲलर्जी असलेलं मूल येऊ शकतं. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवस वाळताना तापतं आणि आपल्या उन्हाळ्यात फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवा किंवा दोरीवर एकेक पसरून वाळवा.

जुन्या खेळण्यांबद्दल माझं स्पष्ट मत: रंगवलेली जुनी खेळणी खेळघरात नकोतच. घरगुती रंगांत शिशाची 90 पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगावर भरवसा नाही, आणि नवा हात मारला तरी जुना थर खाली तसाच राहतो, चावल्यावर दोन्ही निघतात. घासून काढायला गेलात तर शिशाची धूळ घरभर होते, तीही लहान मुलं रांगतात त्याच फरशीवर. पाळण्यावरची उंच टांगून ठेवा, मुलाच्या हाताला लागणार नाहीत इतकी. बिनरंगाचं जुनं लाकूड असेल तर मात्र आणा, घासू, तेल लावू, चाकांना पाचर मारू आणि नळकांड्यातून काढू.